दोन-तीन दिवस लागतातच

दुबईत माणूस गेला की त्याचा मृतदेह भारतात पाठवण्याची कागदपत्रं करणं हे माझं काम. सोमवार, 26 फेब्रुवारी 2018. टेबलावर कोकणातल्या एका गवंड्याची फाईल होती. गुरुवारी रात्री लेबर कॅम्पमध्ये तो झोपेतच गेला होता. सकाळी गावाहून त्याच्या मेव्हण्याचा फोन आला. "साहेब, आमच्या माणसाचं काही वेगळंच झालंय का? टीव्हीवर सांगतायत, पोलीस बॉडी सोडत नाहीत म्हणजे काहीतरी काळंबेरं असतं."

टीव्हीवर श्रीदेवी होती. शनिवारी रात्री इथल्याच एका हॉटेलात तिचा मृत्यू झाला. आधी बातमी हृदय बंद पडल्याची आली, सोमवारी न्यायवैद्यक अहवालात बाथटबमध्ये अपघाती बुडणं निघालं. मग वाहिन्यांनी पडद्यावर बाथटब मांडला. कुणी त्यात तिचं चित्र चिकटवलं, एक वार्ताहर तर स्वतः टबात झोपला. बाईच्या मुली घरी हे सगळं पाहत असतील, हे त्या वाहिन्यांमध्ये एकालाही सुचू नये?

पण मला जास्त छळलं ते 'मृतदेह का अडकला?' या प्रश्नानं. अडकला नव्हताच. इथे मृत्यू रुग्णालयाबाहेर झाला की प्रकरण पोलिसांकडे जातं, खोली पंचतारांकित असो वा आठ बंकची. मृतदेह पोलिसांच्या शवागारात जातो, न्यायवैद्यक डॉक्टर तपासतात, रक्त तपासणीला जातं. अहवाल आला की पोलीस पत्र देतात, त्या पत्रावर मृत्यूचा दाखला मिळतो. दाखला घेऊन भारतीय वकिलातीत जायचं: पासपोर्ट रद्द करायचा, ना-हरकत पत्र घ्यायचं. त्यासाठी वारसाचं संमतीपत्र लागतं आणि गाडी बहुतेक वेळा इथेच रुतते. पासपोर्टवर वडिलांचं नाव आहे, गावाहून आलेल्या कागदावर नाही. की पुन्हा नोटरी, पुन्हा स्कॅन. मग व्हिसा रद्द. मग शवागार, एम्बामिंग (मृतदेह टिकावा म्हणून केलेली रासायनिक प्रक्रिया) आणि विमानतळ यांच्यासाठी पोलिसांची पत्रं. शेवटी दुबईतल्याच मुहैस्ना भागातल्या केंद्रात एम्बामिंग, लाकडी पेटी आणि कार्गोचं बुकिंग. तेव्हा विमान कंपन्या पेटीसकट वजन करून किलोवर भाडं घेत, म्हणून पेटी निवडतानाही हिशेब करावा लागे. एम्बामिंगची वेळ हुकली तर त्या रात्रीचं विमान गेलंच.

त्यात तेव्हा इथली सुट्टी शुक्रवार-शनिवार असायची. गवंडी गुरुवारी रात्री गेला, म्हणजे त्याचे पहिले दोन दिवस कुलपातच गेले. श्रीदेवीच्या प्रकरणात रविवारी कचेऱ्या उघडल्या, सोमवारी अहवाल आला, मंगळवारी सरकारी अभियोजन विभागानं तपास बंद करून मृतदेह सोडला. त्याच रात्री खासगी विमान मुंबईला पोचलं, बुधवारी अंत्यसंस्कार. वाहिन्या ज्याला 'गूढ' म्हणत होत्या, ते काम खरं तर चटकन झालं होतं. अशा प्रकरणांत दोन-तीन दिवस लागतातच, हे तेव्हाच्या भारतीय राजदूतांनी ट्वीट करून सांगितलंही. ते एक वाक्य दिवसभर पट्टीवर चालवायला काय हरकत होती? माझ्याकडे त्या दिवशी मुंबईहून तीन वार्ताहरांचे फोन आले. प्रक्रिया सांगायला लागलो की प्रत्येकाचा तोच प्रश्न, "ते ठीक आहे, पण संशय आहे ना?" एकानंही ती लिहून घेतली नाही.

गवंड्याचा अहवाल मंगळवारी आला: नैसर्गिक मृत्यू, हृदयविकार. मेव्हण्याला कळवलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मला पटलं साहेब. पण इथे वाडीत लोक विचारतात, कंपनीनं पैसे देऊन दाबलं का म्हणून. बहीण रात्रभर तेच ऐकत बसते."

मी कोऱ्या कागदावर मराठीत लिहून काढलं. गुरुवार रात्र: मृत्यू. शुक्रवार, शनिवार: सुट्टी. रविवार: वकिलातीत संमतीपत्र परत, वडिलांच्या नावात फरक. सोमवार: नवीन संमतीपत्र आलं, जमा. मंगळवार: अहवाल, दाखला. बुधवार: पासपोर्ट आणि व्हिसा रद्द, पोलिसांची पत्रं. गुरुवार: एम्बामिंग, रात्रीचं विमान. खाली सही केली, फोटो काढून पाठवला. त्यानं तो वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला.

तेव्हापासून प्रत्येक फाईलबरोबर असा कागद जातो.