सर्वनामाला सुट्टी नाही

परवा भाचा इंग्रजीचा अभ्यास घेऊन शेजारी बसला आणि विचारतो, बॉयला एस लावला की खूप मुलं होतात ना, मग 'ही गोज'मध्ये तो एकटाच जातोय तरी एस कशाला, आणि 'दे गो'मध्ये एवढे सगळे जातायत तर त्यांना एस का नाही? मी तोंड उघडलं आणि मिटलं. इतकी वर्षं इंग्रजीत मेल लिहिते पण हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. नियम आहे तो, पाठ कर, असं म्हणून मोकळी झाले आणि मग रात्रभर तोच विचार करत बसले.

आता गंमत बघा, मी बाई आहे की बाप्या हे वर कुठेही सांगितलेलं नाही, तरी तुम्हाला कळलं. लिहिते, झाले, बसले. आपलं क्रियापद भारी चुगलखोर. नुसतं 'आलोच' म्हटलं की कोण येतोय, किती जण, पुरुष का बाई, यातलं बरंचसं त्यात आलं, त्यामुळे 'मी' घरी राहिला तरी चालतं. इंग्रजी क्रियापद तोंडाला कुलूप लावून बसतं. गो म्हटल्यावर कोण जातंय ते काही कळत नाही, आय, यू, वी, दे, सगळ्यांना तेच गो. म्हणून तिथे सर्वनामाला रोज हजेरी लावावी लागते, रजा नाही. इतकी की कोणी नसलं तरी कोणालातरी उभं करतात. आपल्याकडे पाऊस पडतो, त्यांच्याकडे इट इज रेनिंग. हा इट कोण? कोणी नाही. खुर्ची रिकामी दिसायला नको म्हणून बसवलेला माणूस.

मग तो एस. पूर्वी इंग्रजी क्रियापदंही बोलकी होती म्हणे, मी, तू, तो प्रत्येकाला वेगळा प्रत्यय. दाऊ (म्हणजे तू) गोएस्ट, ही गोएथ वगैरे. हळूहळू सगळे प्रत्यय झिजले, एकवचनी दाऊ साधारण १७व्या शतकात रोजच्या बोलण्यातून मागे पडला, आणि मूळचं अनेकवचनी यू सगळ्यांसाठी वापरात आलं (म्हणून समोर एकटा मित्र असला तरी यू आर, यू इज नाही. म्हणजे इंग्रज सगळ्यांनाच अहो-जाहो करतात, फक्त त्यांना ते माहीत नाही). गोएथची जागा उत्तर इंग्लंडातल्या बोलीतल्या एसने घेतली आणि तेवढा एकच उरला. पडक्या वाड्याचा एक खांब उभा राहावा तसा. बॉइजच्या एसशी त्याचं नातं नाही, नुसतं नाव सारखं. आणि इंग्लंडच्या पूर्वेला नॉरफोककडच्या बोलीत लोक तोही लावत नाहीत, सरळ 'शी गो' म्हणतात. हे भाच्याला सांगितलं नाही, उगाच पेपरात लिहून यायचा.

पण तो एस एका वाक्यात एकदाच मिळतो हे मात्र सांगितलं. डझ ही गोज असं आपण सर्रास बोलून जातो. डू पुढे आला, त्याने एस उचलला, आता गोला काही शिल्लक नाही, डझ ही गो. कॅन आणि मस्ट तर एसला हातच लावत नाहीत. ती मुळात भूतकाळाची रूपं, पुढे वर्तमानात वापरात आली, आणि भूतकाळात ही असो की दे, एस लागतच नव्हता. आणि बी या क्रियापदाबद्दल मी बोलणारच नाही, ॲम, इज, आर, वॉज, वेअर, बी, बीइंग, बीन अशी आठ रूपं घेऊन बसलंय, आणि एवढं करूनही आय ॲमचा शेपटीतला प्रश्न 'आरन्ट आय' होतो. का, तर ॲमन्ट म्हणायला जीभ वळत नाही म्हणून. बहुतेक.

मला स्वतःला जास्त छळलं ते पिक अपने. पिक अप द बॅग चालतं, पिक द बॅग अप पण चालतं. बॅगेच्या जागी इट आलं की पिक इट अपच, पिक अप इट म्हटलं की समोरचा माणूस दचकतो. इट हा इवलासा शब्द, आधीच माहीत असलेल्या वस्तूसाठीचा, आणि इंग्रजीला वाक्याच्या शेवटी काहीतरी वजनदार लागतं, म्हणून बिचाऱ्याला मध्ये दाबून बसवतात, शेअर रिक्षात सगळ्यात बारीक माणसाला बसवतात तसं. हे कळलं म्हणून खूश होऊन मी एकदा 'लुक इट आफ्टर' लिहिलं. तिथे नाही चालत. तिथला आफ्टर हे शब्दयोगी अव्यय, ते आपलं नाम किंवा सर्वनाम मागेच धरून ठेवतं, लुक आफ्टर इट.

आणि 'एक्स्प्लेन मी'. मला समजाव, मला सुचव, हे आपल्याला इतकं सरळ वाटतं की एक्स्प्लेन मी, सजेस्ट मी आपोआप टाइप होतं. टेल मी, गिव्ह मी, शो मी ही जुनी घरची क्रियापदं, मीला थेट जवळ घेतात. एक्स्प्लेन, सजेस्ट, डिस्क्राइब लॅटिनकडून आलेली, बरीचशी अशीच फटकून वागतात, मध्ये टू नावाचा मध्यस्थ लागतो.

त्यात देवनागरीत लिहिलं की वेगळीच मजा. त्यांचा आय म्हणजे आपली आई, त्यांचा मी म्हणजे आपला मला, त्यांचा पुरुष ही आपल्याकडे स्त्रीलिंगी, दे म्हणजे मागणी, आणि शी बद्दल काय बोलणार. भाचा तर तेवढ्यावरच पाच मिनिटं लोळत होता.

पण आपली बाजू काही सोपी नाही. मी निरोप पाठवला, मी चिठ्ठी पाठवली, मी पत्र पाठवलं. पाठवणारी मी, आणि क्रियापद बघतंय निरोपाकडे! हे कोणा परक्याला शिकवायची वेळ आली तर मीही म्हणेन, नियम आहे तो, पाठ कर.

काल त्याची मराठीची वही चाळली. माझी सकाळ असा निबंध. मी उठलो. मी दात घासले. मी दप्तर भरलं. मी निघालो. बाईंनी पहिला मी ठेवून बाकी सगळ्यांवर लाल काट मारली होती. म्हटलं मीही माझं वरचं लिखाण एकदा तपासते, तर निम्मे मी उगाचच उभे होते. बरेच काढले, तरी दोनचार राहिलेच.