गट नंबर अन् लाल अक्षरं

दारव्ह्याकडच्या आमच्या गावात कापूस नोंदणीचा फॉर्म लारावेलमध्ये (वेबसाइट बनवायची पीएचपी चौकट) मीच केला. गट नंबरला ‘न्युमेरिक’ (फक्त संख्या) नियम लावला अन् पहिल्याच दिवशी काका ओरडले, “बाप्पा, हे लाल कावून होऊन राह्यलं?” त्यांचा गट ११२/२/अ! सातबारा पाहत वाढलेल्या माझ्यासारख्यानं ही चूक करावी? आता तिथं ‘स्ट्रिंग’ (साधा मजकूर) अन् रेजेक्स (अक्षरं-आकड्यांचा साचा) आहे. नावाला ‘अल्फा’ (फक्त अक्षरं) होता. तो मराठी अक्षरं घेतो, पण नाव-आडनावामधली मोकळी जागा चालवून घेत नाही. काढला. मोबाइलला ‘डिजिट्स’ (नेमके तितकेच आकडे) दहाचा ठीक, फक्त मराठी आकडे आले की अडतो, म्हणून तपासणीआधीच ते बदलून घेतो. ईमेल ‘नलेबल’, म्हणजे रिकामा सोडला तरी चालतो. एररचा मजकूर मात्र आपल्या बोलीत: “नंबर दहा आकडी टाका ना जी.”