दसऱ्याआधीचे पंधरा दिवस

2023 च्या ऑक्टोबरात, दसरा पंधरा दिवसांवर आला असताना, बीड जिल्ह्यातील आमच्या रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात ऊसतोडीला जाणारी एक बाई आली. बाह्यरुग्ण कक्षातील गर्दी ओसरेपर्यंत ती दाराशी थांबली होती आणि आत आल्यावरही बराच वेळ कंबर दुखते एवढेच सांगत राहिली. तपासणीच्या टेबलावर निजल्यावर मात्र पडद्याकडे तोंड करून ती म्हणाली, “बाई, जागेवर कोंब आलेत. कापून टाका एकदाचे. दसरा झाला की गाडी निघती.”

योनिमुखाच्या खालच्या कडेला आणि तिथून गुदद्वारापर्यंतच्या त्वचेवर फुलकोबीच्या तुऱ्यांसारखे लहानमोठे चौदा मस होते. सर्वांत मोठा बोराएवढा होता. असे मस दहापैकी नऊ वेळा ह्यूमन पॅपिलोमा विषाणूच्या 6 आणि 11 या प्रकारांमुळे होतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी प्रामुख्याने जोडलेले 16 आणि 18 हे प्रकार वेगळे आहेत, हे तिला सर्वांत आधी सांगावे लागले, कारण गावात कोणीतरी तिच्या मनात कर्करोगाची भीती घालून ठेवली होती. सिफिलिसमध्येही त्या जागी ओलसर, चपट्या गाठी येतात, म्हणून व्हीडीआरएल ही सिफिलिसची रक्तचाचणी केली. एचआयव्हीची आणि गर्भधारणेची चाचणी केली आणि कर्करोगाआधीचे बदल दिसतात का हे बघायला गर्भाशयमुखाला ॲसिटिक ॲसिड लावून पाहिले. काहीही वावगे निघाले नाही.

त्याच सकाळी एका शाळेतील शिक्षिकेला याच आजारासाठी मी इमिक्विमॉड मलम लिहून दिले होते. तिचे मस चार-पाच आणि बारीक होते. हे मलम विषाणूला थेट मारत नाही, तर त्या जागच्या त्वचेतील प्रतिकारशक्तीला जागे करते. पाच टक्क्यांचे मलम आठवड्यातून तीन रात्री लावायचे, सहा ते दहा तासांनी साबणपाण्याने धुवायचे आणि गरज पडल्यास सोळा आठवड्यांपर्यंत हा क्रम चालवायचा. जागा लाल होते, चुरचुरते, कधी सोलवटते, पण मस गेलेच तर ते परत उगवण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेनंतरच्या मानाने कमी दिसते, असा माझाही अनुभव आहे. बायकांना या मलमाचा गुण पुरुषांपेक्षा अधिक येतो, म्हणून मस थोडे असतील तर माझी पहिली पसंती त्यालाच असते. तेच मलम या बाईलाही लिहून द्यावे, असा विचार मनात येऊन गेला, पण मी थांबले, त्याला एक जुना प्रसंग कारण होता.

निवासी डॉक्टर असताना मी एका बाईला पोडोफायलीन लावले होते. हे झाडाच्या राळेपासून केलेले जुने औषध एक ते चार तासांत धुऊन टाकावे लागते, आणि गरोदरपणात तर ते वापरायचेच नसते. चार तासांनी धुवा, असे मी तिला नीट बजावले होते. तिने मान डोलावली आणि रात्रीच्या एसटीने ती घरी निघाली. तिसऱ्या दिवशी परत आली तेव्हा तेथील त्वचा भाजल्यासारखी उघडी पडली होती. दहा तासांच्या प्रवासात ती कोठे धुणार होती, हे मी विचारलेच नव्हते. त्या दिवसापासून औषध लिहिण्याआधी मी पाण्याची चौकशी करते.

म्हणून या बाईलाही विचारले. राहायला उसाच्या फडाजवळ कोपी, म्हणजे झोपडी असते, पाणी लांबून आणावे लागते, अंघोळीला आडोसा म्हणजे जुन्या साडीचा, आणि पहाटे चारला कोयता घेऊन निघायचे असते. अशा ठिकाणी चार महिने मलम लावणे आणि वेळेवर धुणे तिला जमणार नव्हते. मस जाळणारे ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल चालले असते, गरोदर बाईलाही ते चालते, पण त्यासाठी दर आठवड्याला माझ्याकडे यावे लागते. द्रवरूप नायट्रोजनने गोठवायचे म्हटले तरी फेऱ्या चुकत नाहीत, आणि तो आमच्याकडे नव्हताही. सांगली-कोल्हापूरकडच्या फडातून ती दर आठवड्याला कशी येणार? शिवाय एक दिवस पडला तर मुकादम खाडा लावतो, म्हणजे दंड कापतो. तेव्हा तिचा स्वतःचाच निर्णय योग्य होता, फक्त मला त्याची कारणे उशिरा कळली.

दुसऱ्या दिवशी जागा बधिर करून मोठे मस मुळाशी छाटले, बारीक मस कॉटरीने, म्हणजे विजेवर तापणाऱ्या उपकरणाने जाळले आणि एक तुकडा तपासणीला पाठवला. आमचे एक ज्येष्ठ सर्जन “खोल जाळा, म्हणजे परत येणार नाही” असे नेहमी म्हणतात. मला ते पटत नाही. हा विषाणू त्वचेच्या वरच्या थरातच राहतो, त्यामुळे खोल जाळून हाती लागते ती फक्त वण आणि दुखणे. मस निघाला तरी शेजारच्या निरोगी दिसणाऱ्या त्वचेत विषाणू उरलेला असू शकतो, आणि तो कितीही खोल जाऊन सापडत नाही. कॉटरीच्या धुरातही विषाणूचे अंश आढळलेले आहेत, म्हणून धूर ओढणारी नळी जखमेलगत धरायला परिचारिकेला सांगितले.

जखमा भरायला दोन ते चार आठवडे लागतात. नवऱ्याने मुकादमाला गाठून आठ दिवसांची सवलत मागितली आणि दोघे दुसऱ्या गाडीने जायचे ठरले. जाताना तो बाहेर एकटाच थांबला आणि “हे माझ्यामुळं का तिच्यामुळं?” असे त्याने विचारले. संसर्गानंतर मस दिसायला काही आठवडे ते कित्येक महिने, क्वचित त्याहूनही अधिक काळ जातो, त्यामुळे कोणाकडून कोणाला आले हे कोणतीही तपासणी सांगत नाही, असे मी उत्तर दिले. त्यालाही तपासून घेण्यास सांगितले. तो आला नाही. निरोध वापरल्याने संसर्गाची शक्यता कमी होते, संपत नाही, हेही सांगून ठेवले होते.

तुकड्याच्या अहवालात कर्करोगाचे काहीही नव्हते. गुढीपाडव्यानंतर ती परत आली तेव्हा जुन्या जखमा छान भरल्या होत्या, पण कडेला तांदळाएवढे दोन नवे मस दिसत होते. जानेवारीतच आले होते, असे ती म्हणाली. बहुतेकदा मस पहिल्या तीन महिन्यांतच परत येतात. या वेळी तिने कापायला सांगितले नाही. पुढला दसरा लांब होता आणि घरी नळ होता. गर्भधारणेची चाचणी पुन्हा करून मी इमिक्विमॉड लिहून दिले आणि मलम अंगावर असताना संबंध टाळायला बजावले, कारण त्याने निरोधही कमकुवत होतो.

सोबत तिची बारा वर्षांची मुलगी होती. पुण्यात तयार होणारी सर्व्हाव्हॅक ही लस 6, 11, 16 आणि 18 या चारही प्रकारांवर आहे, असलेले मस ती घालवत नाही, पण या वयात दिली तर पुढचा संसर्ग टाळते, हे मी सांगत असताना बाईने किंमत विचारली. मी सांगितली. तिने बोटांवर काहीतरी मोजले आणि मलमाची चिठ्ठी पदराच्या गाठीत बांधत म्हणाली, “उचल मिळाली की बघते.”