वारा पाठीशी, गाळ पुढ्यात

जूनच्या तोंडावर खान्देशात पश्चिमेचा वारा जोर धरतो. तो बिथरला की वावधान. रावेर-यावलकडच्या केळीच्या बागा आडव्या होतात. मला मात्र हाच वारा हवा होता. तापी वाहते पश्चिमेला, वारा जातो पूर्वेला. म्हणजे हतनूरच्या जलाशयातून चांगदेवच्या दिशेनं, नदीच्या उलट, वारा पाठीशी घेऊन जाता येतं. मी शिडाच्या होड्या चालवायला शिकवतो. आपल्या मुलखात जेनेकर घेऊन यंदा पहिल्यांदाच उतरलो.

जेनेकर हे पातळ, फुगणारं शीड. होडीच्या नाकापुढं काढलेल्या दांड्याला त्याचं खालचं टोक बांधतात. वारा थेट पाठीवर घेतला तर ते मोठ्या शिडाच्या आडोशाला पडून लोंबतं. म्हणून वाऱ्याला जरा तिरकं राहून वेग घ्यायचा, मग जाइब करून, म्हणजे होडीची मागची बाजू वाऱ्यातून फिरवून, दुसऱ्या अंगाला. वाट नागमोडी, तरी होडी लवकर पोचते. टोकियो ऑलिंपिकला के. सी. गणपती आणि वरुण ठक्कर यांच्या फॉर्टीनाइनर होडीवरही याच जातीचं शीड होतं.

सोबत इथल्याच भोई घरातला एकोणीस वर्षांचा शिष्य. शीट, म्हणजे शिडाची दोरी, त्याच्या हातात, सुकाणू माझ्या. शिडाची पुढची कड मुडपेपर्यंत सैल सोडायची, मुडपली की ओढायची. त्याचा हात फार सुरेख चालतो.

मागून पाण्यावर काळपट सुरकुती धावत आली. वाऱ्याचा झोत! अशा वेळी नवखा माणूस नाक वाऱ्याकडे वळवतो आणि जेनेकर होडीला आडवी पाडतं. नाक वाऱ्याखाली, म्हणजे वारा जातो त्या अंगाला न्यायचं, हे मीच शंभरदा शिकवलेलं. तसंच नेलं.

"दादा, तिकडे नको! तठी गाळ हाये!"

मला पाणी सगळीकडं सारखंच दिसत होतं. डॅगरबोर्ड (होडीच्या तळातून पाण्यात उतरणारी फळी) रुतला, होडी जागीच अडली, शिडं पुढं झेपावली आणि आम्ही दोघं कमरेएवढ्या पाण्यात. डोलकाठीचं टोक चिखलात.

"मी आधीच सांगाले पाहिजे होतं," तो रडवेला झाला. चूक माझी होती. ज्याचं बालपण या पाण्यावर गेलं, त्याला मी निघताना एक शब्द विचारला नव्हता.

आधी जेनेकर पिशवीत ओढून घेतलं. पाणी भरलेल्या शिडासकट होडी उभी केली तर ती पुन्हा उलटते. मग टोक मोकळं करून, डॅगरबोर्डवर उभं राहून ती सरळ केली. त्यानं बोटानं डेकवर चिखलाची रेघ काढली: धरणाआधीची तापीची धार. तिच्या अलीकडे-पलीकडे पुरानं आणलेला गाळ.

पुन्हा निघताना सुकाणू त्याला दिलं. मी केली असती त्याच्या बऱ्याच आधी तो जाइब करत होता. झोत आला तर नाक खाली न्यायला खोल पाणी उरावं, म्हणून. दोन झोत आले. दोन्ही वेळा होडी नुसती सुसाट सुटली.

चांगदेवचं देऊळ दिसू लागलं तसं तो म्हणाला, "शीड उतरवू, दादा. संगमावर काकाची जाळी हायेत."