कागदाच्या पाठीवरून

फुजी पर्वताच्या पायथ्याशी, कावागुची तलावाजवळच्या एका निवासी कार्यशाळेत मी नुकतेच पाच आठवडे जपानी पद्धतीचे वुडकट, म्हणजे लाकडी ठोकळ्यावर (ब्लॉकवर) चित्र कोरून त्याचा ठसा कागदावर घेण्याची कला, शिकत होते. वुडकट मला नवे नव्हते. मुंबईत मी अनेक वर्षे तेलाची शाई रोलरने ब्लॉकवर पसरवून आणि चमच्याच्या पाठीने कागद घासून प्रिंट काढत आले आहे, त्यामुळे पहिल्या दिवशी वर्गात बसताना आपल्याला निम्मे येतच आहे असा एक सुप्त अहंकार मनात होता. तो तिसऱ्या दिवसापर्यंत टिकला नाही.

या पद्धतीत, जिला तिथे मोकुहांगा म्हणतात, रोलर नसतो आणि तेलही नसते. पाण्यात कालवलेला रंग आणि तांदळाची पातळ खळ, ज्याला ते नोरी म्हणतात, ब्लॉकवरच ब्रशने एकत्र घोळवायची, त्यावर ओलसर कागद ठेवायचा आणि पाठीमागून बारेनने घासायचे. बारेन म्हणजे तळहाताएवढी चकती. आत बांबूच्या सालीच्या दोरीचे वेटोळे असते आणि वरून बांबूचेच पान ताणून बांधलेले असते. या चकतीखाली रंग कागदावर बसत नाही, तर कागदात उतरतो. तेलाच्या शाईचा थर बोटाला जाणवतो. इथे बोट फिरवले तर कागदच जाणवतो. ‘छापणे’ हे क्रियापद मी इतकी वर्षे वापरत आले, पण या कामाला ‘मुरवणे’ म्हणणे अधिक बरोबर ठरेल.

सर्वांत अवघड गेला तो ओलावा. मुंबईत जुलै महिन्यात कागद आपणहून ओला होतो आणि आपण त्याला कोरडा ठेवण्यासाठी धडपडतो. इथे मात्र आदल्या रात्री कागदांच्या चळतीत ओले कागद घालून, सगळे प्लास्टिकमध्ये गुंडाळून, सकाळी प्रत्येक ताव सारखाच दमट निघेल अशी काळजी घ्यावी लागते. ताव जरा सुकला की तो आकसतो, आणि मग ब्लॉकच्या कोपऱ्यात आणि कडेला कोरलेल्या केन्तो नावाच्या दोन खाचांमध्ये कागद कितीही नेमका बसवला तरी दुसरा रंग पहिल्या रंगाच्या शेजारी सरकून पडतो. माझ्या पहिल्या आठ प्रिंट्समध्ये प्रत्येक झाडाला स्वतःची एक हिरवी सावली होती. ती मी जाणीवपूर्वक केली आहे, असे सांगण्याचा मोह मला झाला होता, हे इथे मान्य करायला हरकत नाही.

आमच्या सेन्सेईंची, म्हणजे गुरुजींची, एक सवय मला आधी खटकली. मी प्रिंट त्यांच्या हाती दिली की ते चित्राकडे पाहण्याआधी ती उलटी करत आणि बराच वेळ पाठीकडे पाहत राहत. काढलेले चित्र कुणी उलटे धरले तर कलाकाराला जे वाटते, तेच मला वाटले. पण पाठीवर सगळे लिहिलेले असते, हे हळूहळू कळले. रंग कुठे आरपार पोहोचला, कुठे वरवर राहिला, बारेनचा दाब कुठल्या कोपऱ्यात कमी पडला, हात गोल फिरला की नागमोडी, हे सारे मागे उमटते. समोरची बाजू चित्रकाराची असेल, पण पाठ मुद्रकाची असते, आणि दोन्ही कामे एकाच माणसाने करायची ठरवली तरी ती दोन वेगवेगळी कामेच राहतात.

हे शिकून झाल्यावर एका सुट्टीच्या दिवशी मी तोक्योला, उएनो येथील राष्ट्रीय संग्रहालयात गेले. उकियो-एच्या, म्हणजे जुन्या जपानी वुडकट चित्रांच्या, दालनातला उजेड मंद असतो आणि तिथली चित्रे वरचेवर बदलली जातात, कारण यातले बरेच वनस्पतिजन्य रंग उजेडाने विटतात. विशेषतः त्सुयुकुसा या फुलाचा निळा इतका नाजूक, की आज पिवळट-करडे दिसणारे आकाश एके काळी निळे असू शकते. तिथे हारुनोबू या चित्रकाराचे एक चित्र होते. 1765 च्या सुमारास बहुरंगी प्रिंट्सचा जो बहर सुरू झाला, त्यात त्याचे नाव अग्रभागी येते. समोरून पाहता त्यातल्या स्त्रीचे पांढरे वस्त्र म्हणजे कोरा कागद वाटत होता. मी बाजूला सरकले, गुडघ्यात वाकले, काचेच्या कडेशी गाल टेकेल इतकी खाली गेले, आणि तेव्हा त्या कोऱ्या कागदात उठवलेली वीण दिसली. रंगाशिवाय, नुसत्या दाबाने काढलेला हा उठाव. दालनातल्या पहारेकरी बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि सौजन्याने नजर वळवली.

माझी आई साडी घेताना ती दुकानाच्या दारापर्यंत नेते, उजेडात तिरकी धरते आणि पदर थोडा हलवून पाहते. दुकानातल्या ट्यूबलाइटवर तिचा कधीच विश्वास बसला नाही. ही प्रिंट्स अशाच नजरेसाठी होती. ती भिंतीवर टांगण्यासाठी नव्हे, तर हातात धरून, बाजूने येणाऱ्या उजेडात जवळून पाहण्यासाठी काढली जात. काचेमागे, समोरून, वरच्या दिव्याखाली ती जपली जातात हे खरे आणि आवश्यकही; पण त्यांचा एक थर तिथे आपल्यापासून लपूनच राहतो.

परतल्यावर मी होकुसाई या जपानी चित्रकाराच्या त्या सुप्रसिद्ध लाटेच्या चित्राच्या निरनिराळ्या संग्रहालयांतल्या प्रती संगणकावर शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. 1831 च्या आसपासचे हे चित्र मी आजवर एकच समजत होते. एका प्रतीत आकाशात ढगाची फिकट गुलाबी छटा आहे, दुसरीत ती जवळजवळ नाही. एकीत शीर्षकाच्या चौकटीची रेघ अखंड आहे, दुसरीत ब्लॉक झिजल्यामुळे तुटलेली. यातली ‘खरी’ कोणती, हा प्रश्नच मला आता चुकीचा वाटतो. होकुसाईने आराखडा दिला, तो कुणीतरी लाकडात कोरला, कुणीतरी शेकडो वेळा घासला, आणि या दोघांची नावे चित्रावर नाहीत. आपल्याकडेही राजा रविवर्म्यांच्या छापखान्याची, जो 1894 मध्ये गिरगावात सुरू झाला आणि पुढे मळवलीला गेला, लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या देवघरांत पोहोचली. पण त्यांचे रंग छपाईच्या दगडांवर वेगवेगळे करणाऱ्या कारागिरांना फारसे कुणी ओळखत नाही.

डिसेंबरमध्ये मुंबईत माझे प्रदर्शन आहे. फ्रेमची मापे मागणारा निरोप आला, तेव्हा दोन चित्रे हातात धरून पाहता यावीत म्हणून मी खिडकीजवळ एक साधे टेबल मागितले. प्रेक्षकांचे हात लागतील, असे मला काळजीने कळवण्यात आले. त्या दोन चित्रांच्या मी बारा-बारा प्रती काढायच्या ठरवल्या होत्या. आता पंधरा-पंधरा काढते आहे, कारण वरच्या तीन-तीन प्रतींच्या कडा पहिल्या आठवड्यातच मळणार आहेत.