शेजारच्या नसेवर चालणारा हात

अपघातानंतर माझी बोटं हलत होती, मूठ वळत होती, म्हणून घरादाराला वाटलं की हात वाचला. पण खांद्यापासून खाली तो नुसता लोंबत होता. उजव्या हातात पेन धरता यायचा, मात्र तो हात आधी डाव्या हाताने उचलून टेबलावर ठेवावा लागायचा. घास बोटांत यायचा, तोंडापर्यंत जायचा नाही.

आमची तासगाव भागात द्राक्षबाग. पावसात मोटरसायकल घसरली, मी उजव्या खांद्यावर आपटलो आणि मान उलट्या बाजूला हिसडली गेली. मानेतून हाताकडे उतरणाऱ्या नसांच्या जाळ्याला ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. खांदा एकीकडे आणि मान दुसरीकडे अशी ओढ बसली की त्या नसा ताणतात, तुटतात, नाहीतर मज्जारज्जूपासूनच उपटून येतात. मोटरसायकलच्या अपघातांत हे बरंच होतं. हेल्मेट डोकं वाचवतं, खांद्याला काहीच आडोसा नसतो.

कॉलरबोन मोडली होती, तिथे प्लेट बसली. हाताचं विचारलं तर, "सूज उतरली की येईल, सहा-आठ महिने वाट बघा," असं उत्तर मिळालं. गावात कुणी तेल सुचवलं, कुणी नस बसवणाऱ्याचा पत्ता दिला. हात वाचला तो फिजिओथेरपीच्या मॅडममुळे. त्यांनी दंड चाचपला, दोन-चार हालचाली करायला सांगितल्या आणि म्हणाल्या, "महिना होत आला ना? आता ईएमजी करून घ्या आणि नसांचं काम करणाऱ्या सर्जनला दाखवा. नुसतं थांबायचं नाही." ईएमजी, म्हणजे स्नायूतली वीज मोजणारी तपासणी, अगदी लगेच करून उपयोग नसतो. नस मेल्याच्या खुणा स्नायूत दिसायला तीन-चार आठवडे जावे लागतात. पण त्यानंतर उशीर करायला काही कारण उरत नाही.

पुण्यातल्या सर्जननी मानेचा एमआरआय पाहिला. सी-फाइव्ह आणि सी-सिक्स ही नसांच्या त्या जाळ्याची वरची दोन मुळं उपटली होती. खांदा उचलणं आणि कोपर वाकवणं मुख्यतः त्यांच्याच जिवावर असतं. खालची मुळं शाबूत होती, म्हणून पंजा चालत होता. उपटलेलं मूळ मज्जारज्जूला परत टाके घालून जोडता येत नाही. मग उपाय काय, तर चालू असलेल्या दुसऱ्या नसेचा थोडा भाग तोडून मेलेल्या नसेच्या स्नायूकडच्या टोकाला जोडायचा. नर्व्ह ट्रान्सफर.

आप्पा सोबत होते. ते म्हणाले, "म्हणजे शेजारच्या पाटाचं दारं मोडून आपल्या वाफ्यात पाणी घ्यायचं." डॉक्टर हसले. "बरोबर, आप्पा. फक्त हे पाणी दिवसाला एक मिलिमीटर चालतं."

सगळी घाई त्या एका मिलिमीटरची. नस जोडली तरी तंतू नव्याने वाढत स्नायूपर्यंत पोचावे लागतात, आणि तोवर स्नायू काही कायम ताटकळत राहत नाही. वर्ष-दीड वर्ष नसेविना गेलं की तो सुकतो, मग नस पोचली तरी दाद देत नाही. म्हणून हे ऑपरेशन शक्यतो अपघातानंतर तीन ते सहा महिन्यांत करतात. "सहा-आठ महिने वाट बघा" हा सल्ला मला आजही आठवला की डोकं फिरतं.

माझ्या हाताला तीन ठिकाणी उसनवारी झाली. खांदे उडवायला लागते ती मानेतली नस खांद्याच्या पाठीमागच्या नसेला. कोपर सरळ करणाऱ्या ट्रायसेप्सची एक फांदी खांदा उचलणाऱ्या डेल्टॉइड स्नायूच्या नसेला. आणि करंगळीकडे जाणाऱ्या अल्नर नसेतला एक बारीक जुडगा कोपर वाकवणाऱ्या बायसेप्सला. ही शेवटची पद्धत ओबर्लिन या फ्रेंच सर्जनने 1994 मध्ये मांडली. जोड स्नायूच्या अगदी जवळ होतो, त्यामुळे तंतूंना लांब चालावं लागत नाही.

माझी भीती वेगळी होती. पंजा तेवढा शिल्लक आहे, त्याचीच नस कापली तर तोही जायचा! डॉक्टरांनी समजावलं की नसेत अनेक जुडगे असतात, एकेकाला हलका विजेचा झटका देऊन कोणता काय हलवतो ते बघतात, आणि मुख्यतः मनगट वाकवणारा घेतात, बोटांच्या बारीक कामाचा सोडतात. याच कारणाने भूल देतानाही स्नायू फार वेळ ढिले ठेवणारं औषध देत नाहीत. पुढचं काम मायक्रोस्कोपखाली, केसाहून बारीक धाग्याने. नंतर करंगळीला काही आठवडे मुंग्या होत्या, पकड मात्र टिकली.

त्यानंतरचे महिने सर्वांत कंटाळवाणे. तीन आठवडे हात गळ्यात, मग रोज दुसऱ्याकडून खांदा-कोपर फिरवून घेणं, म्हणजे सांधे आखडत नाहीत. वर हातात आग आणि विजेचे चमकारे. नस येतेय म्हणून दुखतंय, असं लोक सांगतात. माझ्या बाबतीत ते मुळं उपटल्याचं दुखणं होतं आणि त्याची वेगळी औषधं असतात. अंगावर काढू नका.

मॅडम सांगायच्या, "मूठ घट्ट आवळा, मनगट आत ओढा, आणि त्याच वेळी कोपर वाकवायचं मनात आणा." वेड्यासारखं वाटायचं. टेबलावर टाल्कम पावडर पसरून त्यावर हात आडवा ठेवायचा, म्हणजे त्याचं वजन आड येत नाही. एका सकाळी मूठ आवळली तेव्हा मॅडमचं बोट माझ्या दंडावर होतं. "परत करा," म्हणाल्या. कातडीखाली काहीतरी किंचित फुरफुरलं. मला दिसलंही नाही, त्यांच्या बोटाला कळलं.

पुढे गंमत अशी झाली की मूठ आवळली की कोपर आपोआप वाकायचं. चहाचा कप घट्ट धरला की हात वर यायचा आणि चहा शर्टावर. जुन्या नसेचा हुकूम नव्या स्नायूला पोचत होता, मेंदूला अजून वेगळं करता येत नव्हतं. आरशासमोर रोजचा सराव करता करता मूठ उघडी ठेवून कोपर वाकवता यायला लागलं. ते कधी जमलं याची तारीख माझ्याकडे नाही, घरचंच कुणीतरी म्हणालं की आता चहा सांडत नाही.

खर्च लाखांत गेला आणि हात पूर्वीसारखा झालेला नाही. तसं होईल असं सर्जन म्हणालेही नव्हते. आज कोपर पूर्ण वाकतं, पाण्याची अर्धी बादली उचलता येते. खांदा आडव्या रेषेपर्यंत येतो, त्याच्या वर नाही. म्हणून बागेत वाय पद्धतीच्या ओळींतल्या खालच्या काड्या मी छाटतो, डोक्यावरच्या मांडवाचं काम गड्यांकडे. दंड बाहेरच्या बाजूला फिरवणं सगळ्यांत कमजोर राहिलं. डोक्यामागे हात न्यायला अजून मान खाली घालावी लागते. त्यासाठी स्नायूचा कंडरा वळवण्याचं आणखी एक ऑपरेशन असतं. डॉक्टर म्हणतात करता येईल, घाई नाही. घरी दोन मतं आहेत. एप्रिलची खरड छाटणी उरकली की बघू.