तुपाच्या थेंबाखाली

१० जानेवारी, रात्री

आज कामावरून परतताना परळला हाफकिन संस्थेच्या फाटकापाशी थोडा वेळ थांबले. १८९७ साली याच तारखेला वाल्डेमार हाफकिन यांनी आपण तयार केलेली प्लेगची लस सर्वांच्या आधी स्वतःला टोचून घेतली होती, हे सकाळपासून मनात घोळत होते.

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला आणि ऑक्टोबरात हाफकिन मुंबईत दाखल झाले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना मिळालेली जागा म्हणजे एक खोली आणि व्हरांडा, आणि हाताखाली मोजकीच, तीही या कामाचे शिक्षण नसलेली माणसे.

मी स्वतः प्रयोगशाळेत कल्चर लावण्याचे, म्हणजे जंतू वाढवण्याचे, काम करते, म्हणून त्यांची पद्धत वाचताना अंगावर काटा येतो. मांसाच्या रसात प्लेगचे जंतू वाढवायचे, तर त्यांना वरून लोंबायला आधार हवा, हे त्यांनी हेरले आणि त्या रसावर चक्क तुपाचे थेंब तरंगत ठेवले. बाटली जराही न हलवता ठेवली, की त्या थेंबांच्या खालच्या बाजूने जंतूंच्या पांढुरक्या लोंब्या गुहेतल्या चुनखडीसारख्या हळूहळू खाली उतरत. मग बाटली हलवून त्या तळाशी पाडायच्या आणि नवे पीक वाढू द्यायचे, असे काही आठवडे चाले. शेवटी उष्णता देऊन जंतू मारले, की लस तयार. आपल्या घरोघरच्या फडताळातले तूप या कामी आले, याचा मला फार आनंद वाटतो.

त्यांनी स्वतःला १० घन सेंटिमीटर लस टोचली. पुढे लोकांना देत त्याहून कितीतरी कमी. ताप आला, दंड ठणकला, पण ते सावरले. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस देण्यात आली. त्या कैद्यांची नावे कोणाच्या तोंडी नाहीत, ती असायला हवी होती.

१९०२ मध्ये पंजाबातल्या मलकोवाल गावी एकाच बाटलीतली लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली आणि ठपका हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला. खरे तर बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. १९०७ साली हिवतापाचे संशोधक रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून त्यांची बाजू मांडली, तेव्हा कुठे तो डाग पुसला गेला. मधली ती वर्षे मला फार अन्यायाची वाटतात. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव मिळाले, ते मात्र त्यांच्या हयातीतच, हे बरे झाले.

उद्या सकाळच्या पाळीला दोन नव्या मुली रुजू होणार आहेत. त्यांच्या हाती चिमटा देण्याआधी मी त्यांना मलकोवालची हकीकत सांगणार आहे.